आधी ऑर्डरची वही उघडा

सांगलीला माझा चुलतभाऊ बोर्ड छापायचं दुकान चालवतो. क्लासेसचे, प्लॉट विक्रीचे, नेत्रतपासणी शिबिराचे, ते खांबाला तारेनं बांधतात ना, ते सनपॅकचे बोर्ड. मागच्या शनिवारी त्याचा फोन. "दादा, लेझर मशीन घेतोय. कर्ज जवळपास मंजूर आहे. सॉफ्टवेअरचं तेवढं तू बघ की." म्हटलं, सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी ते मशीन कापणार काय ते सांग.

तर मंडळी, आजचं भांडण यावरच. मशीन काय काय करू शकतं हे बघून मशीन घेणं हा वेडेपणा आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले तो रोज करतो, म्हणून मला लांबूनही ओळखू येतो.

सनपॅक म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे दोन पातळ थर आणि मधे नळ्या. हे प्लास्टिक १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. लेझरनं कडा ओघळतात, नळ्यांची तोंडं बंद होतात, आणि पेट घ्यायची भीती असल्यामुळे माणूस समोरून हलू शकत नाही. वेळ वाचवायला चार शीट एकावर एक ठेवाव्यात, तर कडा एकमेकींना चिकटतात!

आणि मुख्य धोका वेगळाच. त्याच दुकानात पीव्हीसीचा सनबोर्डही असतो. मशीन दारात आलं की कुणीतरी एक दिवस तोही आत घालणार. पीव्हीसी लेझरखाली जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो मशीन गंजवतो आणि दुकानातल्या पोराच्या छातीत जातो. हे माहितीपत्रकात ठळक छापलेलं मी तरी पाहिलं नाही.

"मग राउटर घेऊ?" फिरतं पातं या पातळ भिंती फाडतं, कडेला तुसं राहतात, ती हातानं काढत बसा. शीट हलकी, म्हणून ती ओढून धरणारं व्हॅक्यूम टेबल लागतं. तुकडे सुटे झाले की तीही पकड ढिली.

मी त्याला ऑर्डरची वही उघडायला लावली. तीन महिन्यांच्या ऑर्डरी वाचून घेतल्या. जवळजवळ सगळे चौकोन! २४ बाय १८ इंचाचे बोर्ड ८ बाय ४ फुटी शीटमधून १० निघतात, आणि सगळे काप सरळ. सरळ कापाला भिंतीला लावायचा उभा कटर किंवा लांब पात्याचा शीट कटर पुरतो. पातं मात्र धारदार हवं. नळ्यांच्या दिशेनं कुठलंही पातं चालतं, आडवं कापताना बोथट पात्यानं नळ्या चेपतात. छापखान्यातल्या कटिंग मशीनवर गठ्ठा घातला तर दाबपट्टीनंही चेपतात, तेव्हा तोही मोह नको.

"पण उद्या कोणी बाणाचा आकार मागितला तर?" हजार-दोन हजार बाण असतील तर डाय बनवून घ्यावी आणि खोकी बनवणाऱ्याकडून जॉबवर्कनं पंचिंग करून घ्यावं. दर आठवड्याला नवा आकार येत असेल, तर सुरी चालवणारं टेबल घ्यावं, सुरी वितळवत नाही. मुख्य धंदा अ‍ॅक्रिलिकच्या अक्षरांचा असेल, तर लेझर खुशाल घ्यावा, तिथं त्याची कड काचेसारखी येते. त्याच्या वहीत मात्र यातलं काहीच नव्हतं.

आणखी एक. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली संगणकांबद्दल मांडलेला हिशोब दुकानालाही लागू पडतो. एका ऑर्डरच्या १० तासांत कापायला २ तास जात असतील, तर कापणं शून्य मिनिटांत झालं तरी ८ तास उरतातच. छपाई अडलेली असताना कटर पळवून काय होणार? कापलेल्या कोऱ्या शीटची थप्पी.

विकणाऱ्याला मी दोष देत नाही, विकणं त्याचं काम आहे. राग येतो तो "घेऊन ठेवू, कधीतरी लागेल" या वाक्याचा. ते 'कधीतरी' आलं नाही तरी हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला येतोच, आणि इथं तर काकांचं घर तारण आहे.

असो. भाऊ जरा फुगलाय. पण सही पुढं ढकललीय, आणि उद्या छपाईला किती वेळ जातो ते घड्याळ लावून मोजणार आहे. आकडे आले की कळवतो.