परक्या तपासनिसांचे वावडे कशाला?

अणुभट्टीची सुरक्षा परदेशी तज्ज्ञांनी तपासावी, असे म्हटले की अकोल्या-अमरावतीत ठरलेले उत्तर मिळते : तारापूर तिकडे पालघरात, जैतापूर रत्नागिरीत, आपल्याला काय त्याचे? आपल्याकडे कोळशावरची वीजकेंद्रे आहेत, पारस आणि नांदगावपेठ. खरे आहे. पण कोळशाची राख अंगणात पडली तर गावकऱ्याला दिसते, तो तक्रार करतो. किरणोत्साराला ना रंग, ना वास. आणि आपल्या पंपाला आलेली वीज कुठल्या केंद्राची, हे तारेवर लिहिलेले नसते.

दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा. परक्यांनी आमच्या भट्टीत का डोकवावे? अहो, तारापूरची १९६९ साली सुरू झालेली पहिली दोन युनिटेच अमेरिकी बनावटीची. पोखरणच्या १९७४ च्या चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, तेव्हा फ्रान्स, चीन, रशियाकडून इंधन आणले. इंधन परक्याचे चालते, सल्ला तेवढा विटाळतो!

यावर कुणी म्हणेल, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तारापूरला येतातच की. येतात, पण इंधनाचा हिशेब पाहायला. ते बॉम्बकडे वळले नाही ना, एवढेच. आग लागली तर केबल वाचतील का, हा त्यांचा प्रश्न नव्हे.

तो प्रश्न उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ ला भडकला. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. अशा पात्यांमधल्या दोषाची सूचना परदेशातून आधीच आली होती. केबल वेगवेगळ्या मार्गांनी न्याव्यात, हा धडा तर अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुकेंद्राच्या आगीने १९७५ लाच दिला होता. कागद आला होता. तो अमलात आणला की नाही, हे विचारणारे बाहेरचे कुणी नव्हते.

असे विचारणारे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे सुरक्षा-तपासणी पथक २०१२ साली राजस्थानातल्या रावतभाटा अणुकेंद्रात आले. संस्थेच्याच २०१५ च्या दुसऱ्या पथकाने आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यात बांधा, असे सांगितले. आपल्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’नेही २०१२ मध्ये त्याच दुखण्यावर बोट ठेवले होते. म्हणजे परके काही वेगळे बोलले नाहीत.

भारताने २००५ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय अणुसुरक्षा करारात दंडाची तरतूद नाही, हे मान्य. तरी चार देशांपुढे उत्तर द्यावे लागते, हेही थोडे नाही. म्हणून रावतभाट्यासारखी परक्या पथकाची तपासणी प्रत्येक केंद्रात पाळीपाळीने व्हावी. वऱ्हाडच्या खासदारांनी लोकसभेत विचारावे : तारापूरच्या तपासणीचा अहवाल पालघरच्या लोकांच्या हाती मराठीत कधी पडणार?