नाव मुंबईचं, मॅच जयपूरला. आणि म्हणे भांडुपला परवडत नाही!

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

भांडुप, कांजूर, विक्रोळी, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यातल्या कबड्डी मंडळांची दरवर्षी एक नीट साखळी स्पर्धा व्हावी, प्रत्येक संघाने निम्मे सामने आपल्याच वस्तीत खेळावेत, असं म्हटलं की समोरचा हसतो. "उपनगरात असले संघ चालत नाहीत रे. स्पॉन्सर नाही, प्रेक्षक नाही. परवडणार नाही." हे नाक्यावरचा पोरगाही बोलतो आणि स्टेजवर शाल-श्रीफळ घेणारा पाहुणाही.

ठीक आहे. मग परवडतं कुणाला, ते एकदा बघूच.

प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. यू मुंबा पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेली आणि २०१५ ला अनुप कुमारच्या कप्तानीत बंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून जिंकली. तेव्हा घरचे सामने वरळीच्या एनएससीआयमध्ये होते. लोकल पकडून बघायला जाता येत होतं. आता? २०२४ चा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला. २०२५ चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. सलग दोन हंगाम मुंबईच्या नावाचा संघ मुंबईत एकही सामना खेळला नाही. गंमत बघा, या दोन्ही हंगामांचे खेळाडूंचे लिलाव मात्र मुंबईतच झाले. बोली लावायला मुंबई, खेळायला परगाव!

खो-खोचंही तेच. अल्टिमेट खो-खोमध्ये 'मुंबई खिलाडीज' नावाचा संघ होता. २०२२ चा पहिला हंगाम सगळाच्या सगळा पुण्यात, दुसरा कटकला. मुंबई फक्त जर्सीवर.

फ्रँचायझीवाल्यांची बाजूही समजून घेतो. ते धर्मादाय संस्था चालवत नाहीत. बारा शहरांत मॅट, कॅमेरे, हॉटेलं फिरवायची तर खर्च येतो. पण २०२३-२४ च्या हंगामात बारा शहरांत सामने झालेच होते, त्यात मुंबईही होती. म्हणजे अशक्य नाही. टीव्हीवर दिसलं की पुरे, गावात दिसलं नाही तरी चालेल, हा त्यांचा हिशोब आहे. तो त्यांना लखलाभ. फक्त तोच हिशोब आमच्या मंडळांना ऐकवू नका.

आता हॉकी घ्या. एकेकाळी मुंबईच्या हॉकीचा देशात दबदबा होता. २०१३ ला हॉकी इंडिया लीग आली, मुंबईचा संघ होता 'मुंबई मॅजिशियन्स'. पुढे तो गेला आणि 'दबंग मुंबई' आला. २०१७ नंतर लीगच बंद. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते. त्यात मुंबई नाही! सामने कुठे झाले? ओडिशातल्या राउरकेलाला. २०११ च्या जनगणनेत आपल्या एस वॉर्डची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. राउरकेला त्याहून लहान आहे. तिथे वीस हजारांवर प्रेक्षकांचं बिरसा मुंडा स्टेडियम उभं आहे. २०२३ च्या विश्वचषकाचे सामने तिथे झाले आणि लोकांनी स्टेडियम भरून टाकलं.

मग लहान गावाला परवडत नाही, हा नियम गेला कुठे?

कुणी म्हणेल, तिथे सरकारने पैसा ओतला. ओतलाच. २०१८ पासून ओडिशा सरकार भारतीय हॉकी संघाचं प्रायोजक आहे. पण पैसा नंतर आला, खेळ आधी होता. त्या सुंदरगड जिल्ह्यात गावोगावी हॉकीच्या स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. दिलीप तिर्की याच जिल्ह्यातला. गावात स्पर्धा, मग क्रीडा वसतिगृह, मग नोकरी, मग देशाचा संघ, अशी शिडी तिथे आहे. स्टेडियम शेवटी आलं. शिडी असेल तर गाव लहान असून चालतं. शिडी नसेल तर सव्वा कोटींचं शहरही एक संघ टिकवू शकत नाही.

आपल्या राज्यात २०१५ ला महाकबड्डी लीग निघाली होती, आठवते? रत्नागिरी, सांगली, बारामती, रायगड, ठाणे. नावं वाचूनच छाती फुगायची. ती रुजली नाही. लगेच सगळ्यांनी निष्कर्ष काढला, बघा, छोट्या गावांत चालत नाही. अरे, वरून झाड आणून खड्ड्यात उभं केलं आणि वाळलं, तर दोष मातीचा का?

भांडुपच्या मातीत कबड्डी आहे. आपली अर्धी वस्ती कोकणातून आलेली. येताना भजन आणलं, नमन आणलं, कबड्डीही आणली. दिवसभर कारखान्यात राबायचं आणि संध्याकाळी चुन्याच्या रेषा आखून खेळायचं. ही शिडी आपल्याकडेही होती. मंडळाकडून खेळायचं, चमकलं की बँक, रेल्वे, पोलीस, बंदर, एखादी मोठी कंपनी यांच्या व्यावसायिक संघात घ्यायचे आणि पोराला नोकरी लागायची. घर उभं राहायचं. म्हणून आई पोराला ओरडायची नाही, जा खेळायला म्हणायची. ना तिकीट, ना टीव्ही. संघ चालत होते ते पगाराच्या आशेवर आणि वर्गणीवर.

आता त्या शिडीच्या पायऱ्या एकेक करून निघतायत. देना बँक २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया २०२२ ला टाटांकडे गेली. इथे भांडुपमध्ये एशियन पेंट्सच्या कारखान्यातलं उत्पादन २०१४ ला थांबलं. एलबीएस रोडवर जिथे भोंगे वाजायचे तिथे आता टॉवर आणि सेल्स ऑफिसं. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतलं यश लागतं. तिथवर पोरगा पोहोचणार कसा, जर त्याला सराव करायलाच जागा नाही?

जागेचं ऐका. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. फक्त १३० चौरस मीटर! दहा गाड्या उभ्या करायला जेवढी जागा लागते तेवढी. आपल्याकडे गाड्यांना आहे, पोरांना नाही. मैदान असलं तर त्यावर लग्नाचा मांडव, नाहीतर प्रदर्शन, नाहीतर कुलूप. शिवाय मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. आपली पोरं मातीवर सराव करून मॅटवर उतरतात, पाय घसरतो, पकड सुटते, आणि निवड समिती म्हणते, कमी पडतो. पोरींचं तर विचारूच नका. अंधार पडला की सराव बंद, कारण मैदानावर दिवे नाहीत. वरच्या पातळीवर तरी काय? प्रो कबड्डीवाल्यांनी २०१६ ला महिलांची तीन संघांची एक स्पर्धा घेतली. त्यानंतर ती पुन्हा झालीच नाही.

आता जरा कटू बोलतो, आपल्याच लोकांना.

पैसा नाही, हे खोटं आहे. थंडीच्या दिवसांत आपल्या भागात किती 'चषक' होतात ते मोजा. अमुक साहेब चषक, तमुक भाऊ चषक. प्रकाशझोत, डीजे, गॅलरी, एलईडी स्क्रीन, उत्कृष्ट चढाईपटूला बाईक. तीन रात्रींत जेवढे उडतात, तेवढ्यात चार मंडळांचा वर्षभराचा सराव होईल. चौथ्या दिवशी सकाळी मैदानावर उरतात खिळे, दोऱ्या आणि फाटलेले बॅनर. आणि मंडळंही साधुसंत नाहीत. चषक जिंकायला रातोरात बाहेरून चढाईपटू आणायचा, आणि वर्षभर घाम गाळलेला आपला पोरगा बाकावर बसवायचा. अशाने वस्ती कशाला येईल बघायला? माणसं येतात ती आपल्या गल्लीतला पोरगा बघायला.

अमेरिकेत ग्रीन बे नावाचं गाव आहे. वस्ती लाखभर. त्यांच्या फुटबॉलच्या सर्वात मोठ्या लीगमध्ये न्यूयॉर्क, शिकागोच्या बरोबरीने त्या गावाचा संघ खेळतो, शंभर वर्षं. मालक कोण? गावकरी आणि चाहते. १९२३ ला संघ अडचणीत होता तेव्हा लोकांना शेअर विकले. आज पाच लाखांवर भागधारक आहेत. एका पैशाचा लाभांश मिळत नाही, तरी घेतात. तिकडे याला मोठं मॉडेल म्हणतात. आपल्याकडे याला वर्गणी म्हणतात! ती आपल्या बापजाद्यांना येत होती.

म्हणून मागण्या साध्या आहेत. स्टेडियम नको, पुतळा नको.

एक, एस वॉर्डातल्या पालिकेच्या निदान दोन मैदानांवर रोज संध्याकाळी दोन तास कबड्डीसाठी राखीव, दिव्यांसकट. त्यातले तीन दिवस मुलींचे.

दोन, सगळ्या मंडळांना मिळून वापरायला एक मॅट आणि तो ठेवायला छप्पर.

तीन, प्रत्येक चषकवाल्याने बक्षिसाच्या रकमेइतकीच रक्कम वर्षभराच्या साखळीला द्यावी. न देणाऱ्याच्या चषकात आपल्या मंडळांनी उतरू नये. हे आपल्या हातात आहे, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

चार, मुंबईचं नाव लावणाऱ्या संघाने हंगामात काही सामने मुंबईत खेळावेत. तेही जमत नसेल तर जर्सीवरचं नाव काढावं. आम्हाला राग येणार नाही, निदान फसवणूक तरी थांबेल.

पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आलं, तर गटार, पाणी विचारा, विचारायलाच हवं. पण घरातला सतरा वर्षांचा पोरगा संध्याकाळी सात वाजता कुठे असतो, हेही विचारा. मैदानावर नसेल तर तो कुठेतरी असतोच. कुठे, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

"परवडत नाही" म्हणणाऱ्यांनी त्याचाही हिशोब मांडावा.

तुमच्या वस्तीत आज कबड्डीचा सराव कुठे चालतो, आणि कुठे बंद पडला, ते खाली लिहा. नेत्यांची नावं नकोत, जागांची नावं लिहा. यादी करू आणि वॉर्ड ऑफिसात घेऊन जाऊ. मी येतोय. तुम्ही?

#भांडुप #कबड्डी #आपलं_मैदान