राजा न झालेला अरानार्थ

अरागॉर्न सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी टोल्किनचं एक पानही वाचलेलं नाही त्यांनाही, सिनेमाची कृपा. पण त्याचा पंधरा पिढ्या मागचा पूर्वज अरानार्थ? 'द रिटर्न ऑफ द किंग' (१९५५) च्या शेवटी जी परिशिष्टं आहेत (तीच, जी आपण 'नंतर वाचू' म्हणून सोडतो), त्यात हा गृहस्थ जेमतेम काही ओळींपुरता येतो. माझ्या मते अख्ख्या वंशावळीत सर्वात शहाणा माणूस हाच.

झालं असं, की तिसऱ्या युगाच्या १९७४ साली आंगमारने उत्तरेची राजधानी फॉर्नोस्ट घेतली. पुढच्या वर्षी राजा अर्वेदुई, म्हणजे अरानार्थचे वडील, बर्फाळ समुद्रात जहाजासकट बुडाले. गाँडोरचं आरमार आलं खरं, आंगमारचा धुव्वाही उडाला, पण उशीर झाला होता. शत्रू गेला, राज्यही गेलं. उरली मूठभर माणसं.

कायद्याने राजा अरानार्थच. पण त्याने पदवी घेतली नुसत्या 'नायका'ची आणि १९७६ मध्ये राजचिन्हं रिव्हेंडेलला एल्रॉन्डकडे ठेवायला दिली. आमच्या भाषेत, सर्व्हर बंद करण्याआधी ऑफसाइट बॅकअप!

माझा रूममेट म्हणतो, "पळपुटा रे तो." मला पटत नाही. २०५० साली गाँडोरचा राजा एअर्नुर निपुत्रिक नाहीसा झाला, तेव्हा अरानार्थ जिवंत होता. त्याची आई फिरिएल ही गाँडोरच्याच राजाची, ओंडोहेरची, मुलगी. वडिलांनी त्याच नात्यावर गादी मागितली होती आणि गाँडोरने ती नाकारली होती. आता गादी रिकामी, हक्क तोच. तरी हा गप्प. मागितली असती तर बहुधा भाऊबंदकीच पेटली असती. गाँडोर तसल्या एका यादवीतून आधी पोळलेलं होतंच. सुमारे १३० वर्षं त्याने ती मूठभर माणसं जगवली. आणि एक गंमत, नावातलं राजेपण दाखवणारं 'आर' मात्र घराण्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. तेवढा माज हवाच :)

हे सगळं आत्ता का आठवलं? गेल्या महिन्यात आमची टीम मोडली. माझं 'लीड' गेलं, काम तेच राहिलं. दोन आठवडे मी नुसता धुमसत होतो. जुनी व्हिजिटिंग कार्डं अजून ड्रॉवरमध्ये आहेत, दीडेकशे तरी असतील. मागची बाजू कोरी आहे. सध्या वाणसामानाच्या याद्या त्यांच्यावरच लिहितोय.