विश्लेषण : जर्मनीत दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा... पण घरच मिळाले नाही तर?

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरले, व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर आला, विमानाचे तिकीट निघाले. पुण्या-मुंबईहून जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्याला वाटते, कागदपत्रांची कटकट संपली. प्रत्यक्षात सर्वात महत्त्वाचा कागद तिथे उतरल्यावरच मिळवायचा असतो आणि तो ना दूतावास देतो, ना विद्यापीठ. त्यावर सही लागते घर देणाऱ्याची. जर्मन विद्यापीठांत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट आता सर्वात मोठा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. व्हिसाचे दार असे मोठे होत असताना पत्त्याचे दार मात्र आहे तेवढेच आहे.

नियम नेमका काय?

जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो जर्मन असो वा परदेशी, नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. १ नोव्हेंबर २०१५ पासून त्यासाठी देशभर एकच केंद्रीय कायदा आहे. दोन आठवडे विमानतळावर उतरल्यापासून मोजायचे नाहीत, घरात राहायला गेल्यापासून मोजायचे. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही आणि उगाच धास्ती बसते. एरवी परदेशात राहणारा आणि थोड्या दिवसांसाठी आलेला असेल, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत सूट आहे. पण दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी किंवा नोकरीसाठी आलेल्याने ही सूट आपल्यासाठी आहे असे समजू नये. उशीर झाल्यास एक हजार युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे.

बर्लिनसारख्या शहरात तर या कार्यालयाची अपॉइंटमेंटच दोन आठवड्यांत मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे घराची चावी हातात येण्याची वाट न पाहता, राहायला जाण्याची तारीख ठरली की लगेच अपॉइंटमेंट घ्यावी आणि तिची पावती जपून ठेवावी. बर्लिनमध्ये शहरातील कोणत्याही नागरिक कार्यालयात नोंदणी चालते, स्वतःच्या भागातलेच हवे असे नाही. ऑनलाइन नोंदणीची सोयही सुरू झाली आहे, पण त्यासाठी इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र लागते. नुकत्याच आलेल्या माणसाकडे ते कुठून असणार?

घर देणाऱ्याच्या सहीला एवढे महत्त्व का?

आपल्याकडे अकरा महिन्यांचा रजिस्टर्ड करार दाखवला की बहुतेक कामे होतात. जर्मनीत भाडेकरार पुरत नाही. घर देणाऱ्याने वेगळ्या कागदावर लिहून द्यावे लागते की अमुक व्यक्ती, अमुक तारखेला, अमुक पत्त्यावर राहायला आली. या कागदाचे नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. उच्चार जमला नाही तरी चालेल, कागद हवाच. २००२ मध्ये ही अट काढून टाकली होती. त्यानंतर न राहताच नोंदवलेल्या खोट्या पत्त्यांचा प्रश्न वाढला, म्हणून २०१५ च्या कायद्यात ती परत आणली.

सही मालकाचीच हवी असे मात्र नाही. मूळ भाडेकरूने एक खोली पुढे भाड्याने दिली असेल, तर घर देणारा म्हणून तोही सही करू शकतो. मात्र खोली पुढे देण्यासाठी त्याच्याकडे मालकाची परवानगी असायला हवी. अडचण इथेच येते. अनेकदा ही परवानगी नसते. मग ‘खोली घे, पण आनमेल्डुंग मिळणार नाही’ असे सांगितले जाते. भाडे कमी दिसते, खोली विद्यापीठाजवळ असते आणि विद्यार्थी हो म्हणतो. वास्तविक राहायला आलेल्या माणसाला हा कागद देणे घर देणाऱ्यावर बंधनकारक आहे, तो नाकारल्यास त्यालाही एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पण पहिल्याच महिन्यात घर देणाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याची ताकद नवख्या माणसात नसते, हे दोघांनाही ठाऊक असते.

पत्ता नसेल तर काय काय अडते?

भारतातून मिळालेला राष्ट्रीय व्हिसा काही महिन्यांचाच असतो. पुढच्या वास्तव्यासाठी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. हे कार्यालय शहरानुसार ठरते. पत्ता नोंदलेला नसेल तर कोणत्या शहराने फाइल हातात घ्यायची, हेच ठरत नाही. दिलासा एवढाच की व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत आधीचा हक्क कायम मानला जातो आणि तसे तात्पुरते प्रमाणपत्रही मिळते. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. म्हणजे घर शोधण्यात गेलेला प्रत्येक आठवडा व्हिसाच्या मुदतीतूनच वजा होत असतो.

नोंदणीनंतरच ११ अंकी करक्रमांक मिळतो आणि तो टपालाने घरी येतो. तो नसेल तर पगारातून सर्वात चढ्या दराच्या सहाव्या करवर्गाने कपात होऊ शकते. जास्तीचे पैसे नंतर परत मिळतात, पण पहिल्या पगारावर सगळी भिस्त असलेल्याला ते नंतर मिळून काय उपयोग? अनेक बँका खाते उघडताना नोंदणीचा कागद मागतात. आणि घरमालक घर देण्याआधी बँक खाते, पगाराच्या पावत्या, पतमानांकन मागतात. घर नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून खाते नाही आणि खाते नाही म्हणून घर नाही, असे हे चक्र आहे.

टपालाचा विषय निघालाच आहे तर एक बारीक गोष्ट. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट क्रमांक सहसा नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचे नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर आपले आडनाव नसेल तर करक्रमांकाचे पत्र आले तसे परत जाते. सरकारी पत्रे अशी वारंवार परत गेली, तर माणूस तिथे राहत नाही असे मानून कार्यालय नोंदणी रद्द करू शकते. राहायला गेल्याच्या दिवशी पेटीवर नावाची चिठ्ठी चिकटवणे हे म्हणूनच सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त विसरले जाणारे काम आहे.

पत्ता विकत घेता येतो का?

घरटंचाईमुळे नुसता पत्ता देतो, राहायची गरज नाही, अशा ‘ऑफर’ मेसेंजर ग्रुपवर फिरतात. हा सरळ गुन्ह्याच्या वाटेवरचा व्यवहार आहे. प्रत्यक्षात न राहणाऱ्याला पत्ता वापरू देणाऱ्याला ५० हजार युरोपर्यंत दंड आहे. खोटी नोंदणी करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो, शिवाय उद्या निवास परवान्याच्या फाइलमध्ये खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो. दुसरा सापळा भारतातूनच सुरू होतो. घर न बघता, मालकाला न भेटता, दोन-तीन महिन्यांची अनामत परदेशातल्या खात्यावर पाठवायला सांगितले जाते. चावी कुरिअरने येईल असे आश्वासन मिळते, ती येत नाही. त्यापेक्षा विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रवेशपत्र हातात येताच अर्ज करणे आणि पहिल्या महिन्यासाठी नोंदणी करू देणारीच तात्पुरती जागा लेखी विचारून घेणे अधिक शहाणपणाचे. पर्यटकांसाठीच्या अनेक जागा नोंदणी करू देत नाहीत.

अर्जातला धर्माचा रकाना कशासाठी?

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो आणि त्याचा थेट संबंध पगाराशी आहे. कॅथलिक व प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांकडून सरकार चर्च-कर वसूल करते. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये तो प्राप्तिकराच्या ८ टक्के, इतर राज्यांत ९ टक्के असतो. वसई किंवा गोव्याहून गेलेल्या कॅथलिक तरुणांना पहिल्या पगाराच्या पावतीवर ही कपात दिसते तेव्हा धक्का बसतो. बाप्तिस्मा भारतात झाला असला तरी जर्मन चर्च सदस्य मानते, त्यामुळे रकाना रिकामा सोडणे हा खात्रीचा उपाय नाही. सदस्यत्व सोडण्याची वेगळी अधिकृत प्रक्रिया आहे. तो निर्णय ज्याचा त्याचा.

याशिवाय नोंदणीची माहिती सार्वजनिक प्रसारण शुल्क गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे जाते आणि महिना १८.३६ युरोचे पत्र येते. टीव्ही नसला तरी. हे शुल्क दर माणशी नसून घरामागे आहे, त्यामुळे एकत्र राहणाऱ्यांपैकी एकाने भरले की पुरते.

घर बदलले किंवा देश सोडला तर?

जर्मनीतच घर बदलले तर फक्त नव्या ठिकाणी नोंदणी करायची, जुनी आपोआप रद्द होते. शहर बदलले तर निवास परवान्याची फाइलही नव्या शहराकडे जाते आणि त्यात वेळ जातो. मुदत संपत आलेली असताना शहर बदलणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. कायमचे भारतात परतताना मात्र नोंदणी स्वतः रद्द करावी लागते. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते गेल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत ती रद्द करता येते. तसे न केल्यास प्रसारण शुल्काची बिले जुन्या पत्त्यावर साचत राहतात.

परदेशी माणसावर पत्त्याची सक्ती करणारा जर्मनी एकटा नाही. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर भारतात येणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांनाही १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि त्यांना खोली देणाऱ्या हॉटेलने किंवा घरमालकाने २४ तासांत माहिती कळवायची असते. मुदत दोन्हीकडे दोन आठवड्यांचीच. पुण्यात परदेशी विद्यार्थी घर शोधत फिरतात तेव्हा अनेक मालक ‘पोलिसांची भानगड नको’ म्हणून नकार देतात, ती भानगड हीच.