पाठवणी आणि व्हिसा

साताऱ्याचे माहेर, सांगलीचे सासर. पती मात्र ब्रिटनमध्ये स्थायिक. अशा नववधूची पाठवणी सप्तपदीनेच पूर्ण होत नाही. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी तेथील जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न सामान्यतः किमान २९,००० पौंड लागते. पूर्वी १८,६०० पुरत असत. वधूस इंग्रजीची परीक्षा व मान्य केंद्रातील क्षयरोग-तपासणीचा दाखला हवा. हा दाखला सहाच महिने चालतो. तेव्हा फार आधी घेऊ नये.

खरी गुंतागुंत घरातच उद्भवते. विवाहात नाव बदलते, पासपोर्टवर माहेरचेच राहते. विवाहानंतर पासपोर्टवरील नाव बदलणे बंधनकारक नाही, हे वडीलधाऱ्यांस पटवावे लागते. ते सोपे नसते! विवाहनोंदणीत निदान पासपोर्टप्रमाणेच अक्षरे असावीत. चातुर्मासापूर्वी सून मार्गस्थ व्हावी, अशी सासूबाईंची इच्छा; तोवर भरलेली पेटी सांगलीतच.