अर्थशास्त्राच्या वर्गात कूळ कोठे आहे?

विद्यापीठांतील अर्थशास्त्राच्या अध्यापनाचा दर्जा घसरल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते, आणि उपाय म्हणून अधिक गणित व परदेशी पाठ्यपुस्तके सुचविली जातात. परंतु मूळ दोष गणिताच्या उणिवेत नाही. मागणी व पुरवठ्याच्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे मजुरी ठरते, एवढेच शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मजूर व मालक यांच्यातील संबंध कधी दाखविलाच जात नाही, हा खरा दोष आहे.

याहून वेगळे शिकविता येते, हे दिल्लीतच सिद्ध झाले आहे. बेळगावात वाढलेल्या व मुंबईत शिकलेल्या कृष्णा भारद्वाज यांनी १९७३ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्र अध्ययन व नियोजन केंद्राच्या उभारणीत पुढाकार घेतला. तेथे रिकार्डो व मार्क्स यांना इतिहासाच्या तळटीपेत न ढकलता प्रचलित सिद्धान्तांच्या बरोबरीने अभ्यासक्रमात स्थान मिळाले. कृष्णाबाई गणिताला भिणाऱ्यांपैकी नव्हत्या. पिएरो स्राफा यांच्या दुर्बोध ग्रंथाचे १९६३ साली ‘इकॉनॉमिक वीकली’त त्यांनी केलेले परीक्षण जगभर नावाजले गेले होते. परंतु तीच तर्ककठोरता त्यांनी भारतीय शेतीकडे वळविली. सरकारच्याच शेती-व्यवस्थापन पाहण्यांचे आकडे तपासून १९७४ साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. खेड्यात जो जमीन कसायला देतो तोच अनेकदा कर्ज देतो, तोच मजुरीला बोलावतो आणि सुगीला धान्यही तोच उचलतो. अशा धन्याशी कुळाने ‘मुक्त’ सौदा करावा तो कसा? पाठ्यपुस्तकातील बाजारात हा प्रश्न उद्भवतच नाही.

ही उणीव केवळ आपल्याकडची नाही. २०११ साली हार्वर्डमधील विद्यार्थी एकांगी अध्यापनाच्या निषेधार्थ प्राध्यापक मॅनक्यू यांच्या व्याख्यानातून उठून गेले होते.

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपणही अंतर्मुख झाले पाहिजे. आपल्या अभ्यासवर्गांतही वरकड मूल्याची व्याख्या पाठ करून घेतली जाते. मानेसर वा नोएडा येथील कंत्राटी कामगाराच्या पगारचिठ्ठीवर ती ताडून पाहिली जाते काय? अनुवादकाने शब्द मराठीत आणला म्हणून विचार कामगारापर्यंत पोहोचतोच असे नाही.

म्हणूनच विद्यार्थी व शिक्षक संघटनांनी शुल्क व प्रवेश यांच्याबरोबरच अभ्यासक्रमाचा प्रश्नही लढ्याचा विषय केला पाहिजे, आणि आपल्या शाखांनी पगारचिठ्ठीपासून शिकवायला आरंभ केला पाहिजे. शेतमजुराचा मुलगा पदवी घेऊन घरी परततो, तेव्हा बापाच्या मजुरीचा हिशेब त्याला उलगडता यावा. एवढेही ज्याने साधत नाही, त्या शिक्षणाचा दर्जा कोणत्या कसोटीवर उत्तम म्हणावयाचा?