दारे किती?

शहरात नव्याने झालेले कोणतेही मल्टिस्पोर्ट मैदान पाहा. चहूबाजूंनी उंच जाळी, खाली हिरवे टर्फ, कोपऱ्यांत दिव्यांचे खांब. आणि दार बहुधा एकच, तेही अरुंद. मैदान सर्वांसाठी असल्याचे फलकावर लिहिलेले असते. प्रत्यक्षात कोण खेळणार, हे या दारातच ठरते.

संध्याकाळी सहा वाजता त्या दाराशी कोण उभे असते? सतरा-अठरा वर्षांची मुले. एक संघ आत खेळत असतो, पुढच्या डावाची वाट पाहणारे दारात थांबलेले असतात. गाड्याही तिथेच लावलेल्या. बारा वर्षांच्या मुलीला बॅडमिंटनची रॅकेट घेऊन आत जायचे तर या घोळक्यातून वाट काढावी लागते. तिला कुणी अडवत नाही. अडवण्याची गरजच पडत नाही. आत गेले तरी बाहेर पडायची वाट तीच, हे तिला ठाऊक असते. दोनदा ती येते, मग येईनाशी होते. आणि आपण म्हणतो, मुलींना मैदानाची आवडच राहिली नाही. हे खरे नाही. याच वयाच्या मुली शाळेच्या मैदानावर खो-खो खेळतात. 2025मध्ये पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राची आहे. आवड आहे. वाट नाही.

व्हिएन्ना शहराने हे फार पूर्वीच ओळखले. वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर तिथल्या बागांमधून मुली दिसेनाशा होत होत्या. मुलांची संख्या मात्र तशी घटत नव्हती. 1990च्या दशकात महापालिकेने याचा अभ्यास करवला. मुलींच्या स्वभावात कारण शोधत न बसता नियोजनकारांनी जागा तपासली. एकच मोठे मोकळे मैदान असले की ते दांडग्यांच्या ताब्यात जाते. त्याला कुंपण आणि एकच प्रवेशद्वार असले तर मुले त्या दाराशी जमतात आणि मुली आत पाऊलच टाकत नाहीत. 1999मध्ये मार्गारेटेन भागातल्या दोन बागा बदलण्यात आल्या. पायवाटा वाढवल्या. व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा दिली. झाडे-झुडपे लावून मोठ्या मैदानाचे लहान भाग पाडले. कुंपणाच्या मैदानांना जास्त आणि रुंद प्रवेशद्वारे देण्याचे धोरणही त्याच विचारातून आले. मुली परत आल्या. त्यासाठी मुलांना हाकलावे लागले नाही.

आपल्याकडे यावर ठरलेले उत्तर येते : दारे वाढली की राखण अवघड होते. एक दार, एक कुलूप, एक पहारेकरी. म्हणजे कुलपाच्या सोयीने मैदान आखले गेले, आणि त्याची किंमत मुली मोजत आहेत. जाळीबद्दल तक्रार नाही. शेजारी रस्ता असेल तर ती हवीच. पण चेंडू अडवायला बंद दार लागत नाही. मोकळ्या प्रवेशासमोर जाळीचा आडवा पडदा उभा केला की काम होते. फक्त पडदा आणि प्रवेश यांच्यात दीड मीटर जागा सोडली पाहिजे, म्हणजे व्हीलचेअर वळते.

व्हीलचेअरचा विषय याच दाराशी येऊन थांबतो. दुचाकी आत शिरू नयेत म्हणून आपण प्रवेशात लोखंडी अडसर रोवतो किंवा नागमोडी कठडे बसवतो. दुचाकी थांबते, तशी खुर्चीही थांबते. दारात चार बोटांचा उंबरठा असला तरी तेच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 30 क्रीडा सुविधांची रचना दिव्यांगांसाठी बदलायला सांगते. मुरलीकांत पेटकरांनी 1972मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक आणले. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने 2024मध्ये पॅरिसहून गोळाफेकीचे रौप्य आणले. त्यांचे सत्कार आपण मनापासून केले. मग व्हीलचेअरवरच्या मुलाला वॉर्डातल्या मैदानात शिरता येईल एवढी 900 मिलिमीटरची मोकळी वाट ठेवायला अडचण कसली?

जागा कमी आहे, ही सबबही टिकत नाही. बास्केटबॉलचे प्रमाणित मैदान 28 बाय 15 मीटरचे असते, बॅडमिंटनचे 13.4 बाय 6.1 मीटरचे. एका बास्केटबॉलच्या जागेत बॅडमिंटनची तीन मैदाने मावतात, वर फिरायला जागा उरते. तीन लहान मैदाने तीन बाजूंनी उघडी ठेवली तर एका टोळक्याला सगळ्यांवर ताबा ठेवणे जमत नाही. आपण मात्र सगळ्या खेळांच्या रेषा एकाच फरशीवर एकमेकींवर रंगवतो आणि त्याला बहुउपयोगी म्हणतो. तिथे एका वेळी एकच खेळ चालतो. तो कोणता, हे दाराशी उभे असलेलेच ठरवतात.

निविदेत दिव्यांची क्षमता लिहिलेली असते, टर्फची जाडी लिहिलेली असते. तशीच दारांची संख्या आणि रुंदीही लिहा. किमान दोन, समोरासमोरच्या बाजूंना, उंबरठ्याशिवाय. नकाशा मंजूर करण्याआधी त्या वस्तीतल्या दहा-पंधरा वर्षांच्या मुलींना बोलावून विचारा, यातून तुम्ही कुठून आत याल. आणि जी मैदाने आधीच बांधून झाली आहेत, तिथे पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहू नका. जाळी कापून दुसरी चौकट बसवणे हे वेल्डरचे काम आहे. ते या महिन्यातही होऊ शकते.